दीड तासाची नदी

आज साडेचारला ज्या बाई चढल्या
त्यांनी चपला धक्क्यावरच काढल्या,
देवळाबाहेर काढाव्यात तशा.
मुलगा म्हणाला, "आई, घाल गं. बोट आपलीच आहे दीड तास."
पैसे त्याने आधीच भरले होते :
दोन माणसं, एक बोट, बर्फात चार शहाळी,
सूर्यास्त धरून.

योर्न त्यांचं नाव.
सव्वीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्या. फक्त कॉलरी.
बाह्या दुसऱ्या रांगेत, काजं तिसऱ्या.
गेल्या शुक्रवारी शेवटची कॉलर.
हे सगळं मुलाने सांगितलं, इंजिनाच्या वर आवाज काढून.
त्या नुसत्या बसल्या होत्या.
हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं त्यांना.
मांडीवर ठेवले, कठड्यावर ठेवले,
शेवटी शहाळं धरलं दोन्ही हातांनी. प्यायल्या नाहीत.

मी सोलेह. जन्म नदीवरचा,
कुठल्या काठाचा ते सांगता येत नाही.
समोर टोकाला ज्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या आहेत,
धुणी वाळतायत, एक कोंबडा आहे,
त्यांतली निळ्या ताडपत्रीची तिमाह काकूची.
"ही माणसं इथेच राहतात?" मुलाने विचारलं.
सगळेच विचारतात.
मी म्हणालो, हो.
"आणि तू?" असं अजून कुणी विचारलेलं नाही.

तोनले साप वर्षातून एकदा उलटी वाहते.
पावसाळ्यात मेकाँग तिला मागे रेटते, तळ्याकडे,
नोव्हेंबराच्या सुमाराला ती पुन्हा फिरते,
ती फिरली की मासे फिरतात,
मासे फिरले की जाळी पडतात.
यंदा फिरून नऊ दिवस झाले होते. मला ठाऊक होतं.
तरी राजवाड्याची छपरं नीट दिसावीत
म्हणून मुलगा म्हणाला तशी
बोट आणखी आत घेतली.

घप्प.
पंख्यात जाळं.

बुचांवरून ओळखलं. जुन्या चपला कापून
बुचं करणारी या पाण्यावर एकच बाई.

सुरी दातात धरून उतरलो.
खाली डोळ्यांचा उपयोग नसतो, बोटंच बघतात.
सुटलं तेवढं सोडवलं, सुटेना तिथे कापलं.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
काकूशी तर मुळीच नाही.

डोकं वर काढलं तेव्हा सूर्य गेलेला.
शेजारच्या बोटीवर टाळ्या.
पलीकडच्या मशिदीत मगरिबची बांग संपत आलेली,
आणि मी नखशिखान्त धुतलेला,
पण डिझेलच्या पाण्याने.

फाटकं जाळं बोटीत ओढलं
आणि बाईंनी शहाळं खाली ठेवलं.
"सुई आहे?"
होती. बांबूची. काकूनेच दिलेली,
हत्यारांच्या डब्यात चार वर्षं पडून.

"आई, आकाश तरी बघ. लाल आहे अजून. फोटो काढतो."
"हं," म्हणाल्या. तोंड उघडता येत नव्हतं,
दातात दोरा होता.
पहिली गाठ चुकली. उसवली.
दुसरीही उसवली.
मग पाठ वाकली,
कारखान्यात वाकत असेल तशी, कणभरही कमी नाही,
आणि मुलगा त्या पाठीकडे बघत राहिला.
फोन त्याने खिशात घातला.
मी म्हटलं, वीस मिनिटं वरची देतो, फुकट.
नको म्हणाला.
थोड्या वेळाने म्हणाला, चालेल.

काठावर दिवे लागले.
इंजिन मी सुरू केलंच नाही,
नदी नेईल तिथे बोट जात होती, खाली, समुद्राच्या दिशेला.
पाच भोकं बुजली. सहावं राहिलं.
उतरताना त्या चपला विसरल्या, मुलाने परत येऊन नेल्या.

रात्री काकूने जाळं बल्बापाशी धरलं.
"ही गाठ आपल्यातली नाही."
मी सांगितलं काय झालं ते, निम्मं.
"फार घट्ट. आणि घर बारीक झालंय."
उसवते म्हणाली,
आणि चष्मा शोधता शोधता झोपली.

पहाटे तिथेच, त्या पाच घरांत,
करंगळीएवढा मासा.
बाकीच्या जाळ्यातून आरामात सुटला असता.
काकूने तो मला दाखवला, चांगला जवळ धरून,
मग कोंबड्याला टाकला.